रिकाम्या जागेतली लिंबोणी

साबणाचा कारखाना पाडला तेव्हा मागे उरला एक चौकोन. चारी बाजूंना पत्रा आणि वर आभाळ. तिथे कायमचं काय करायचं, हे ठरायला अवकाश होता. तेव्हा नगररचना कार्यालयाने शहाणपणाचा विचार केला. आधी लोकांना थोड्या दिवसांसाठी जागा वापरू द्यावी, कोण कुठे बसतं, कुठून चालतं ते पाहावं आणि त्यावरून पुढच्या पन्नास वर्षांचा आराखडा काढावा. या विचाराची पुस्तिकाही निघाली. मुखपृष्ठावर हिरवा कोंब आणि खाली अक्षरं : ‘तात्पुरतं ते रुजू द्या.’

परवान्याच्या पाठीवर मात्र अट होती : जमिनीत काहीही रुजता कामा नये. खिळा नाही, खांब नाही, मूळ नाही. परवाना अकरा महिन्यांचा. ते सरले की एक दिवस सगळ्यांनी आपला पसारा उचलून पत्र्याबाहेर जायचं. मोजणीदार येणार, ‘जागा रिकामी’ असं लिहून जाणार. मग पुन्हा आत, पुन्हा अकरा महिने.

रोपं विकणाऱ्या मावशीने सहा वर्षं अशी उचलून न्यायची बाग केली. मोगरा तेलाच्या डब्यात, पुदिना फुटक्या बादलीत, गुलाब रंगाच्या डब्यात आणि लिंबोणी एका जुन्या पत्र्याच्या पिंपात. पाणी घालताना ती गुणगुणायची :

पाहुण्या रे रोपा, पाय घे पोटाशी
माती परक्याची, नको बोलू तिच्याशी

बाकीच्यांनी ऐकलं. लिंबोणीने नाही ऐकलं.

यंदाचा रिकामा दिवस शेवटचा होता. आराखडा मंजूर झाला होता आणि सहा वर्षं अट पाळणाऱ्यांना पक्के गाळे मिळणार होते. यादीत मावशी चौथी, पाचवा तिचा धाकटा दीर. तो तिच्या शेजारी सायकलींचे पंक्चर काढायचा. सकाळपासून दोघांनी मिळून डबे बाहेर नेले. शेवटी पिंपाला हात घातला, तर पिंप हलेना.

“वहिनी, यात दगड भरलेत का?”

“मातीच आहे.”

“माती एवढी हट्टी नसते.” दीर खाली वाकला. पिंपाचा तळ गंजून झडला होता आणि मनगटाएवढं मूळ सरळ जमिनीत उतरलं होतं. तो तसाच उकिडवा बसून राहिला. “हे कधीपासून?”

“तीन वर्षं झाली असतील.”

“आणि मोजणीदाराला दिसलं नाही?”

“पोतं टाकून वर मी बसायचे. गुडघे धरलेत म्हणायचे. भला माणूस, म्हणायचा, बसा.”

“आज नगररचनेच्या मॅडम स्वतः येणार आहेत. त्यांच्यापुढे गुडघे चालायचे नाहीत.” तो उठला. “कुऱ्हाड आणतो. दोन घावांत मोकळं होईल.”

“मग झाड जगेल?”

“झाड नाही जगणार. गाळा जगेल. शटरचा गाळा आहे, वहिनी. नळ आहे आत.”

मावशीने खोडावर हात ठेवला. मग तिने पिंपावरचं पोतं काढलं, झटकलं, चौपदरी घडी घातली आणि काखेत धरून पत्र्याबाहेर जाऊन उभी राहिली. दीर कुऱ्हाड घेऊन आला तेव्हा ती एवढंच म्हणाली, “राहू द्या, भावजी.”

मॅडम आल्या, मागे फीत घेऊन मोजणीदार. आराखडा मॅडमनीच काढला होता. सहा वर्षं त्यांनी या चौकोनातली माणसं मोजली होती. सर्वांत जास्त माणसं जिथे थांबत, तिथे नकाशात एक गोल काढून त्यांनी लिहिलं होतं : ‘नागरिक येथे का थांबतात ते कळत नाही, पण थांबतात. विसाव्यासाठी सिमेंटची छत्री प्रस्तावित.’ तो गोल लिंबोणीच्या सावलीचा होता.

“मावशी, एक पिंप राहिलंय.”

“ते यायचं नाही, मॅडम. रुजलंय.”

मॅडमनी वाकून पाहिलं. हातातली पुस्तिका पाहिली, परवान्याची पाठ पाहिली. “दोन्ही वाक्यं मीच लिहिलीत,” त्या हळूच म्हणाल्या.

मोजणीदाराने फॉर्म पुढे केला. “अतिक्रमण करणाऱ्याचं नाव काय लिहू? मावशी तर बाहेर उभ्या आहेत. आत आहे ते झाड.”

“मग झाडाचं लिहा,” मॅडम म्हणाल्या.

खोडाला नोटीस चिकटली : सात दिवसांत जागा सोडावी. परवाना मावशीचा, म्हणून तिचं नाव यादीतून गेलं. आठव्या दिवशी झाड तिथेच होतं. ते काढायला वृक्ष विभागाची परवानगी लागत होती. विभागाने विचारलं, झाड तात्पुरतं की कायमचं? फाइल त्या प्रश्नाचं उत्तर शोधत हिंडू लागली. तोवर झाड वाळलं तर सार्वजनिक मालमत्तेची हानी, म्हणून पाणी घालायला माणूस नेमणं आलं. अकरा महिन्यांसाठी मावशी नेमली गेली.

गाळे झाले. चौथ्यात मोबाइलची कव्हरं विकणारा आला. सिमेंटची छत्री लिंबोणीपासून दहा पावलांवर उभी राहिली. तिच्याखाली उन्हाळाभर कोणी बसलं नाही, एक कुत्रं सोडून.

“गाळा गेला, पण सरकारी नोकरी लागली हो तुम्हाला,” दीर आपल्या गाळ्यातून म्हणायचा. “झाडाला पाणी पाजायची.”

“तुमच्या शटरला कळी कधी येणार, भावजी?”

तो हसायचा आणि त्याच्या नळाची बादली आणून तिच्यापुढे ठेवायचा. बुंध्याशी हळूहळू दोन-चार डबेही परतले होते. मोगरा, पुदिना.

अकरा महिने सरले. गाळे पक्के झाले, तरी लिंबोणीचा गोल कागदावर अजून तात्पुरताच होता, म्हणून रिकामा दिवस आला. मावशीने डबे उचलले आणि झाडाभोवती बांधलेल्या दोरीबाहेर, उन्हात जाऊन बसली. मोजणीदाराने गोलाभोवती एक फेरी मारली, ‘जागा रिकामी’ असं लिहिलं, खाली सही केली. मग रुमालाने मान पुसली, इकडेतिकडे पाहिलं आणि लिंबोणीच्या सावलीत जाऊन टेकला.

“जपून टेका, दादा,” मावशी दोरीबाहेरून म्हणाली. “काटे आहेत.”