लाकडं वेचणारी बाई आणि मी

मित्रांनो, मी पोस्टकार्डाएवढा एक जुना फोटो आहे. शंभरी कधीच ओलांडली आहे, तेव्हा जरा सावकाश बोललो तर चालवून घ्या.

माझा जन्म आयर्लंडमधल्या डब्लिन शहरातला. १९१६ साली तिथल्या काही लोकांनी इंग्रजांच्या राज्याविरुद्ध उठाव केला. तो आठवडाभरात मोडून काढला गेला, आणि तोफांच्या माऱ्यात शहराचा मुख्य रस्ता पार ढासळला. मग एक फोटोवाला आला. पडक्या भिंती, विटांचे ढीग आणि उजव्या कोपऱ्यात काखेत अर्धवट जळालेली लाकडं घेतलेली एक बाई, एवढं त्याने टिपलं आणि माझ्यासारखी पुष्कळ कार्डं छापली. लोकांनी ती हौसेने विकत घेतली. पडझड बघायला माणसांना आवडतं, हे मी जन्मतःच शिकलो.

बाईला मात्र कुणी बघत नव्हतं. तिला चुलीसाठी लाकडं हवी होती, बस्स. राज्य कुणाचंही असो, घरी पोरं उपाशी होती.

पुढे तिच्या लेकीने मला एका दुकानात पाहिलं, आईला ओळखलं आणि घरी नेलं. लेकीकडून मी नातीकडे आलो. ही नात म्हणजे मोरीन. ती एका डच माणसाशी लग्न करून नेदरलँड्सला आली, तिच्या सामानातून मीही आलो. आता ती म्हातारी झाली आहे आणि तिथल्याच झूटरमेर शहरात एकटीच राहते. दर रविवारी ती मला खणातून काढायची, त्या बाईवर बोट ठेवायची आणि म्हणायची, "ही माझी आजी." तिची आईही असंच करायची. बोटं लागून लागून आजीचा चेहरा पुसट झाला. पण खरं सांगू? मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. ते बोट ऊबदार असायचं.

मोरीनच्या शेजारी मैत्री नावाची एक मराठी मुलगी राहते, अकरा वर्षांची. तिला वर्गात एका जुन्या वस्तूविषयी बोलायचं होतं. मोरीनने मला तिच्या हातात दिलं आणि डचमध्ये बजावलं, "जसा नेतेस, तसाच परत आण हं." मैत्रीने मान डोलावली.

वर्गात माझं कौतुक झालं. घरी येऊन मैत्रीने मला टेबलावर ठेवलं आणि ती सायकल घेऊन पोहायला गेली. घरात होते तिचे आजोबा, दादाराव. नांदेडहून लेकाकडे आलेले, सरळ, मायाळू गृहस्थ. फक्त एक खोड. लेकाने घरात लॅमिनेशनचं मशीन काय आणलं, त्यांनी घरातला एक कागद मोकळा सोडला नाही. मैत्रीचं पोहण्याचं सर्टिफिकेट झालं, विम्याचे कागद झाले, कचऱ्याची गाडी कधी येते तो तक्तासुद्धा झाला.

माझी गोष्ट त्यांनी मैत्रीकडून ऐकली होती. त्यांनी मला उचलून उजेडात धरलं. "इंग्रजांशी भांडण म्हणजे आपल्यासारखंच की," ते म्हणाले. "अन् अवस्था बघा याची! कोपरे गेले सगळे." मला ओरडता येत असतं तर! मशीनचा हिरवा दिवा लागला. गरम रूळ अंगावरून फिरले, प्लास्टिक चिकटलं आणि मी दुसऱ्या बाजूने चकचकीत होऊन बाहेर पडलो.

मैत्री आली आणि किंचाळली. आधी डचमध्ये, मग मराठीत. "आजोबा! तो आपला नाहीये!"

"अगं, आता त्याला काही होत नाही."

"पण तिला तसाच हवा होता. मी कबूल केलं होतं!"

दादारावांनी कात्री घेतली, प्लास्टिकला लावली, आणि ते थांबले. ते निघालं तर माझी कातडी घेऊनच निघालं असतं. "चल," ते म्हणाले, "मी येतो तुझ्याबरोबर."

मोरीनने मला हातात घेतलं. नेहमीप्रमाणे बोट ठेवलं. ते घसरलं. तिने पुन्हा ठेवलं. "ती माझ्या बोटाला लागतच नाहीये," ती म्हणाली. मैत्री रडायला लागली.

"तिला सांग," दादाराव म्हणाले, "चूक माझी, पोरीची नाही. आमच्या आईचा एकच फोटो होता. गोदावरीच्या पुरात त्याचा लगदा झाला. तेव्हापासून जुना कागद दिसला की मला राहवत नाही." एरवी आजोबांना दोन शब्दांत उत्तर देणाऱ्या मैत्रीने ते सगळं, डोळे पुसत, डचमध्ये सांगितलं.

माफ केलं, असं मोरीन म्हणाली नाही. मग उठून तिने चहा ठेवला आणि दादारावांना विचारलं, "दिसायची कशी तुमची आई?"

मित्रांनो, ते बोट मला आता जाणवत नाही आणि त्याची मला फार आठवण येते. जुन्या वस्तूंना कोरडी जागा द्या, उन्हापासून लांब ठेवा. पण त्याआधी, ती ज्याची आहे त्याला एकदा विचारा. दादाराव माझ्याशी वाईट वागले नाहीत. त्यांनी विचारलं नाही, एवढंच.

पूर्वी वाफ लागेल म्हणून मोरीन मला स्वयंपाकघरात आणत नसे. आता तिने मला शेगडीच्या वरच टांगलं आहे. सूप उडालं तर फडक्याने पुसते, ढवळता ढवळता आजीशी बोलते. लाकडं घेऊन निघालेली ती बाई एकदाची चुलीपाशी पोहोचली आहे.