भोकाचा दगड आणि मी

मित्रांनो, मी एक जुना नांगर आहे. शेतातला नव्हे, शिडाच्या नौकेचा. माझा फाळ मात्र शेतातल्या नांगरासारखाच टोकदार आहे. तो समुद्राच्या तळाशी वाळूत रुतला की वरची नौका जागची हलत नाही. वरची माणसं ऊन खातात, गप्पा मारतात, झोपतात, आणि त्यांचा सगळा भरवसा खाली माझ्यावर असतो.

सिरोस बेटावरच्या एका लोहाराने मला घडवलं. लाल तापलेल्या मला त्याने विहिरीच्या पाण्यात विझवलं नाही, समुद्राच्या पाण्यात विझवलं. "ज्याच्यात जन्म काढायचा, त्याची चव आधी कळू दे," असं तो म्हणे. आधी मी एका मासेमाराच्या होडीवर होतो. तो गेल्यावर त्याचा मुलगा अर्गिरिस याने मला आपल्या शिडाच्या नौकेवर घेतलं. अर्गिरिस आणि त्याची बायको ख्रिसान्थी यांनी पिरेअस शहरातलं राहतं घर विकून ही नौका घेतली होती. आता हेच त्यांचं घर. ती कुठे खडकावर आपटली असती, तर दोघांच्या डोक्यावर छप्पर उरलं नसतं.

मला टाकण्याची त्यांची एक रीत होती. ख्रिसान्थी सुकाणू धरी आणि अर्गिरिस पुढच्या टोकाशी उभा राहून हाताने खुणा करी. मी तळाला टेकलो की तो पाण्यात उडी मारून पोहत माझ्यापर्यंत येई, मी नीट रुतलोय का ते डोळ्यांनी बघे आणि माझ्या पाठीवर थाप मारी. मग वर जाऊन ख्रिसान्थीला ओरडून सांगे, "कप्तानसाहेब, गाढ झोपलाय हा!" ती थाप हेच माझं बक्षीस होतं. अशी कितीतरी वर्षं आम्ही बेटामागून बेट फिरलो.

एके दिवशी आम्ही एका ओस बेटाच्या खाडीत शिरलो. बेटावर घर नव्हतं, झाड नव्हतं. दोघांनी वाटेतच भरलेले टोमॅटो आणि कलिंगड पोटभर खाल्लं होतं. भर दुपार होती. अर्गिरिसने मला पाण्यात सोडलं आणि तो तसाच सावलीत आडवा झाला.

"बघून ये ना रे," ख्रिसान्थी म्हणाली.

"जेवून लगेच पोहायचं? माझी आई थडग्यातून उठून कान पिळेल! आणि तूच म्हणतेस ना, दुपारी पाण्यात शिरू नये, तुझी मावशी सांगायची त्या 'चांगल्या बाया' असतात म्हणून?"

"मी म्हणते ते नेमकं तुला सोयीचं असेल तेव्हाच आठवतं," ती म्हणाली, आणि तीही झोपली.

त्या पाण्यातल्या अदृश्य बायांचं खरं नाव भीतीपोटी तिकडे कुणी घेत नाही. दुपारी सगळं चिडीचूप असतं तेव्हा त्या पाण्याशी येतात, एवढंच म्हणतात.

मित्रांनो, मी वाळूत नव्हतो. मी दाट समुद्रगवतावर पडलो होतो, आणि गवतात नांगर रुतत नाही. थोड्या वेळाने डोंगरावरून वारा कोसळला. साखळी ताणली गेली आणि मी गवतावरून घसरू लागलो. मागे खडक होते. मी फाळ आपटत होतो, पण धरायला काही नव्हतं. आणि मग मी थांबलो. माझा फाळ कशात तरी अलगद ओवला गेला, सुईत दोरा ओवावा तसा. ओवणाऱ्याचा हात मला दिसला नाही. पण मी स्वतः तिकडे वळलो नव्हतो, हे मी शपथेवर सांगतो.

वारा पडल्यावर अर्गिरिस खाली आला. त्याला दिसला एक चपटा दगड, मधोमध भोक पाडलेला. फार पूर्वीच्या माणसांनी वापरलेला नांगरच तो. माझ्याहून किती जुना, कोण जाणे.

"यानेच वाचवलं आपल्याला," ख्रिसान्थी म्हणाली. "जिथला आहे तिथे राहू दे."

"अगं, नौकेच्या टोकावर काय शोभेल! धक्क्यावरचे सगळे बघत बसतील."

"आणि पुरातन वस्तू चोरली म्हणून किनाऱ्यावरच्या पोलिसांनी धरलं तर?"

"दगडच आहे. त्यावर काय कुणाचं नाव कोरलंय?"

त्याने साखळीचं यंत्र सुरू केलं. दगड माझ्या फाळात अडकलेलाच होता. तो माझ्याबरोबर वर आला, आणि अर्गिरिसने तो नौकेच्या टोकावर मांडून ठेवला. अशुभ टळावं म्हणून ख्रिसान्थीने तीनदा थुंकल्यासारखं केलं, "फ्तू, फ्तू, फ्तू", आणि ती आत निघून गेली.

त्यानंतर प्रत्येक खाडीत एकच गोष्ट घडू लागली. सकाळी मी स्वच्छ वाळूत खोल रुतायचो. अर्गिरिस येऊन बघायचा, थाप मारायचा. मग दुपार व्हायची. वर कुणाचा आवाज नाही, वारा नाही, लाट नाही. आणि माझ्या फाळाभोवतीची वाळू हळूहळू बाजूला व्हायची, ओंजळीने काढावी तशी. माझी पकड सुटत नव्हती, मित्रांनो. ती सोडवली जात होती.

"म्हातारा झाला हा," अर्गिरिस म्हणू लागला. "पुढच्या बंदरात नवा घेऊ." त्याची थाप बंद झाली. त्याने दगडावरचं शेवाळ मात्र ब्रशने घासून काढलं.

"आपण याला झोपेतून उठवलंय," ख्रिसान्थी एकदा दगडाकडे बघत म्हणाली. तो हसला, पण त्याने ब्रश खाली ठेवला.

मग तो दिवस आला. अर्गिरिस रबरी होडकं घेऊन गोडं पाणी आणायला किनाऱ्यावर गेला होता. ख्रिसान्थी एकटीच होती. दुपार झाली. ओंजळी आल्या. मी मोकळा झालो आणि नौका सरकू लागली. वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती, तरी ती सरकत होती, सरळ खडकांकडे, कुणीतरी हाताला धरून नेत असल्यासारखी. ख्रिसान्थीने इंजिन चालू केलं. ते खोकलं आणि गप्प झालं. पुन्हा केलं. पुन्हा गप्प.

साखळीवर जड वजन घसरवून खाली सोडलं, की नांगर जास्त घट्ट बसतो. हे नौकेवरच्या सगळ्यांना ठाऊक असतं. तिने एक मोठी लोखंडी कडी घेतली, दगडाच्या भोकातून आणि साखळीभोवती घातली, तिची खीळ आवळली आणि पायांनी रेटून दगड पाण्यात लोटला.

"घ्या!" ती ओरडली. "तुमचा आहे, घ्या! पण माझं घर सोडा!"

दगड साखळीवरून घरंगळत आला आणि माझ्या पाठीवर टेकला. त्या क्षणी वाळू पुन्हा माझ्याभोवती भरली. नौका थांबली. वरून हात लांब केला असता तर खडकाला लागला असता.

अर्गिरिस होडकं वल्हवत धापा टाकत आला. तो काही विचारणार, एवढ्यात ती म्हणाली, "आता एक शब्द बोललास तर तुलाही त्याच कडीत अडकवीन." तो होडकं बांधून तिच्या शेजारी बसला. मग म्हणाला, "कप्तानसाहेब, परत जायचं ना तिकडे?"

आम्ही त्या ओस बेटाच्या खाडीत परत आलो. दगड सोडायचा म्हणून अर्गिरिस कडीची खीळ पिळू लागला. ती फिरेना, आणि कडीही माझ्या दांड्यावर चढून घट्ट बसली होती. त्याने हातोडा मारला, करवत लावली. पातं मोडलं. दुसरंही मोडलं. कडीवर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

"मग दोघांनाही राहू दे," ख्रिसान्थी हळूच म्हणाली.

"माझ्या बापाचा नांगर आहे गं तो."

त्याने खूप वेळ माझ्यावर हात ठेवला. मग त्याने करवतीचं उरलेलं पातं माझ्या वरच्या साखळीला लावलं. जाड लोखंडी साखळी, मित्रांनो, पण ती लोण्यासारखी कापली गेली. त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्याने माझ्या पाठीवर शेवटची थाप मारली आणि आम्हाला, मला आणि दगडाला, पाण्यात सोडलं.

तेव्हापासून मी इथेच आहे. नौका सुखरूप आहे. कधीकधी तिची सावली माझ्यावरून सरकत जाते, पण ते दोघं इथे थांबत नाहीत, आणि तेच बरं आहे.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. ज्याच्या भरवशावर तुम्ही निवांत झोपता, त्याच्यावर झोपण्याआधी एकदा नजर टाका. आळस करू नका. आणि पाण्याखाली, मातीखाली काही जुनं सापडलं, तर डोळे भरून बघा, पण उचलून नेऊ नका. ते बेवारस दिसलं, तरी त्याचा कुणी धनी नाही असं समजू नका.

मी हे उगाच सांगत नाही. खाऱ्या पाण्यात लोखंड गंजतं, शंखशिंपले चिकटतात. माझ्या अंगावर मात्र गंजाचा ठिपकाही नाही. रोज दुपारी कुणीतरी मला पुसतं, फार हळुवारपणे, सावकाश, स्वतःची वस्तू पुसावी तसं. कोण ते मी पाहिलेलं नाही. माझं तोंड वाळूत आहे. मला कुणी उलटं केलं तरच ते दिसेल, म्हणून मित्रांनो, मला उलटं करायला येऊ नका.