शर्मिलावहिनींचा सोफा

संघमित्राला बंगलोरच्या त्या विद्यापीठात सीट मिळाली, तेव्हा घणसोली गावातल्या तिच्या गल्लीत पेढे वाटून झाले होते. हजारातून दहाजण घेतात म्हणे तिथे. आता अडलं होतं ते फीवर. वर्षाची फी बाबांच्या दोन वर्षांच्या पगाराएवढी होती, आणि ती माफ करायची की नाही हे ठरवायला विद्यापीठाची एक बाई शनिवारी चार वाजता घर बघायला येणार होती. माफी मिळाली नाही तर सीट सोडायची. "आई, सगळं तिच्या रिपोर्टवर हाय," एवढंच शनिवारी दुपारी वैजयंतीला सांगून संघमित्रा उत्पन्नाच्या दाखल्याची झेरॉक्स काढायला गेली.

हे ऐकून गप्प बसेल ती वैजयंती कसली! बेलापूरच्या एका ऑफिसात ती साफसफाईचं काम करायची. खोली चकाचक कशी करतात हे तिला कोणी शिकवायची गरज नव्हती. सगळं घरावरच आहे ना, मग बाईने नुसतं बघत राहावं असं घर हवं. तिने पदर खोचला. खालच्या मजल्यावरून शर्मिलावहिनींचा सोफा आला, समोरच्या केतनचा भलामोठा टीव्ही आला, शेजारच्या मुक्ताबाईंनी तर स्वतःच्या खिडकीचे पडदे काढून दिले. अख्खी गल्ली हमाली करत होती आणि कोणाची कुरकुर नव्हती. साडेतीनला वैजयंतीने दारात उभं राहून खोलीकडे पाहिलं आणि तिचा ऊर भरून आला. आपली खोली इतकी देखणी होऊ शकते हे तिला आजच कळत होतं.

संघमित्रा आली ती उंबऱ्यावरच थबकली. मग धापा टाकत तिने आईला समजावलं, की फी आपल्याला खरंच झेपत नाही याची खात्री करायला ती बाई येतेय. हा टीव्ही तिने बघितला की माफी विसरा.

वैजयंतीला आधी कळेचना, आणि कळल्यावर रागच आला. पाहुणी घरी यायची आणि तिला काय आपला विटका पडदा दाखवायचा? ही कुठली रीत? पण पोरीचे डोळे भरलेले दिसले, तसा तिने राग गिळला आणि केतनला हाक मारली.

मग जी पळापळ झाली ती विचारू नका. टीव्ही गेला, पडदे गेले. सोफा मात्र, वर येताना कसा आला कोण जाणे, जिन्याच्या वळणावर असा अडकला की हलेना. वरच्या बाजूला वैजयंती, खाली केतन, आणि केतनच्या मागे खांद्याला पिशवी लावलेली एक तरुण मुलगी. तिने पिशवी पायरीवर ठेवली, सोफ्याला हात घातला आणि म्हणाली, "आधी उभा करा, मग वळेल." वळला. शर्मिलावहिनींच्या दारात सोफा टेकवून झाल्यावर तिने घाम पुसत सांगितलं, की तिचं नाव जाई आणि ती विद्यापीठातून आली आहे.

धरणीने पोटात घ्यावं असं वैजयंतीला झालं. संघमित्राने धावत जाऊन पायरीवरची पिशवी उचलली. वर खोलीत जाईला प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, तिने फॉर्म काढला, आणि वैजयंतीला राहवेना. सोफा, टीव्ही, पडदे, कोणाकोणाचं काय आणलं होतं ते तिने एका दमात सांगून टाकलं.

"मॅडम, त्यातलं कायच आमचं नव्हतं. पोरगी तेवढी आमची हाय. चूक लिहायची तर माझ्या नावावर लिहा, तिच्या नको."

जाईने मान खाली घालून बराच वेळ लिहिलं. चहा घेतला, पोहे संपवले, पण निकालाबद्दल अवाक्षर काढलं नाही. तसा नियमच होता.

आठ दिवस वैजयंतीला घास गोड लागला नाही. नवव्या दिवशी मेल आला. फी पूर्ण माफ, हॉस्टेल आणि जेवणासकट. वाचता वाचता संघमित्रा रडायलाच लागली, शर्मिलावहिनी धावत वर आल्या, गल्लीत हा गलका झाला. वैजयंतीच्या आनंदाला पारावार उरला नाही. तिने पोरीचा चेहरा ओंजळीत धरला, कडाकडा बोटं मोडली, आणि तशीच स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग ओढू लागली. बॅग आत्ताच कशाला, संघमित्राने डोळे पुसत विचारलं.

"त्यांनी आपलं घर बघितलं ना," वैजयंती बॅग झटकत म्हणाली. "आता आपन त्यांचं बघून येऊ. चार वर्षं पोरगी द्यायची हाय. बघितल्याशिवाय कशी देऊ?"