गाडी की भावोजी

गाडी येण्याच्या आदल्या दिवशी ताई एकटीच आली. मिस्त्री तेव्हा एका टेम्पोखाली पाठीवर पडला होता. चपला ओळखून तो तसाच सरकत बाहेर आला. ताईने स्टूल पुसून घेतलं, बसली, आणि गॅरेजात दुसरं कोणी नाही हे बघून बोलायला लागली.

बोलायचं होतं भावोजींबद्दल. भावोजी मधमाश्या पाळत. पेट्या डोंगरावर, आणि तिथे जायचा रस्ता असा की चारही चाकांनी ओढणारी गाडीच हवी. ती गाडी त्यांच्याकडे इतकी वर्षं होती की ताई तिला सवत म्हणायची. पण हिवाळ्यापासून सपाट, सरळ रस्त्यावर गाडी डावीकडे जायची, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे. मागच्या आठवड्यात समोरून येणाऱ्या ट्रकवाल्याने जो हॉर्न धरला तो शेजारून निघून जाईपर्यंत सोडला नाही. भावोजी म्हणत होते, गाडी भटकते. ताईला वाटत होतं, भावोजीच भटकतात. वय झालंय, चष्मा कुठे ठेवला ते आठवत नाही, बोलता बोलता शब्द सापडत नाही. डॉक्टरांना दाखवलं होतं. त्यांनी डोळे तपासले, हात समोर ताठ धरायला लावले, एका रेषेवर चालायला लावलं आणि सांगितलं की गाडी चालवू नका असं म्हणण्यासारखं मला काही दिसत नाही. पण मी काही तुमच्या शेजारी बसून बघितलेलं नाही, असंही ते म्हणाले.

“तू सांग,” ताई म्हणाली. “गाडीत खोट असेल तर काढ. नसेल तर मला स्पष्ट सांग, धाकट्या. किल्ली मी काढून घेते.”

किल्ली गेली की डोंगर गेला, आणि डोंगर गेला की पेट्या विकायच्या. हे तिलाही ठाऊक होतं, मिस्त्रीलाही. त्याने मान डोलावली. मनात म्हणाला, देवा, गाडीतच काहीतरी मोडलेलं असू दे. गिऱ्हाइकाच्या गाडीबद्दल असं मागणं त्याने आजवर मागितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. भावोजींनी दारातूनच चौकशी केली, काय मिस्त्री, मेहुण्याला बिल लावणार की जावयाचा मान देणार? मिस्त्री म्हणाला, मान देईन, पण सुटे भाग मान ओळखत नाहीत. ताई हसली नाही.

भावोजींनी तक्रार सांगितली. गाडी ओढते म्हणून त्यांनी घराजवळच्या गॅरेजात चाकांची अलाइनमेंट करून घेतली होती. काडीचा फरक पडला नव्हता. मिस्त्रीने विचारलं, ओढते की भटकते? ओढते म्हणजे एकाच बाजूला जाते, सोडली की रोज त्याच बाजूला. भटकते म्हणजे तिचं काही ठरलेलं नसतं. भावोजींनी विचार केला आणि कबूल केलं की भटकते. पण त्या गॅरेजात भटकते म्हणायची लाज वाटली, ओढते हा शब्द जरा भारदस्त वाटला.

मिस्त्रीने आधी चाकांतली हवा बघितली, मग एकटाच गाडी घेऊन कालव्याच्या कडेच्या सरळ रस्त्यावर गेला. गाडी खरोखरच भटकत होती. त्याला इतकं बरं वाटलं की तो एकटाच हसला. आणखी एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. वळण घेतल्यावर स्टेअरिंग आपोआप परत सरळ यायला हवं, तसं ते येत नव्हतं. जिथे सोडाल तिथेच बसून राहायचं, हट्टी म्हशीसारखं.

गॅरेजात आल्यावर त्याने गाडी खड्ड्यावर घेतली आणि भावोजींना स्टेअरिंगवर बसवलं. इंजिन बंद. ते स्टेअरिंग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलवत राहिले, आणि खाली मिस्त्री एकेका सांध्यावर तळहात ठेवून उभा राहिला. सांधा झिजला असेल तर हाताखाली टक् असं लागतं. पहिले सांधे ठीक होते. पुढचा अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून जो आडवा दांडा असतो, त्याच्या टोकाचं रबरी बुश मात्र झिजून गेलं होतं. स्टेअरिंग हललं की आधी अ‍ॅक्सलच बाजूला सरकायचा, चाकं मागाहून वळायची. ही झाली एक खोट.

दुसरी वरच होती. स्टेअरिंगच्या बॉक्सवर ते घट्ट-सैल करायचा एक स्क्रू असतो, वर त्याचा नट. बाकी सगळ्या बॉक्सवर मळ आणि तेलाचा थर, पण नटाच्या कडा घासून चांदीसारख्या चकाकत होत्या. तिथे पाना वारंवार लागला होता. हे कोण आवळतं, असं मिस्त्रीने खालूनच विचारलं.

भावोजी खूश झाले. म्हणाले, मीच. पेट्या वर न्यायच्या आधी, दरवर्षी. स्टेअरिंग जरा सैल वाटलं की थोडंसं आवळायचं. पेटीचं झाकण जसं बसवतो तसं, हलकेच.

सैल वाटत होतं ते खालच्या बुशामुळे. आवळत होते ते वर. दरवर्षी थोडं थोडं आवळत बॉक्स इतका घट्ट झाला होता, की मिस्त्रीने खालचा दांडा सोडवून नुसतं स्टेअरिंग फिरवायला सांगितलं तेव्हा भावोजींना दोन्ही हात लावावे लागले. ते थोडा वेळ तसेच हात ठेवून बसले. मग म्हणाले, म्हणजे मीच तिचा गळा धरला होता तर. मिस्त्री म्हणाला, अर्धं गाव हेच करतं, म्हणून तर माझा संसार चालतो.

नवं बुश बसलं. स्क्रू बेताचा सैल केला, बॉक्समध्ये तेल भरलं. मिस्त्री एकटा जाऊन आला. गाडी नाकासमोर चालत होती, वळणावरून स्टेअरिंग हातातून सळसळत परत येत होतं. त्याने ताईकडे बघून मान हलवली. तिच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला.

मग तिघं निघाले. भावोजी चालवायला, मिस्त्री शेजारी, ताई मागे. कालव्याचा रस्ता लागला आणि गाडी डावीकडे गेली. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, आधीपेक्षाही जास्त.

मिस्त्रीने मागे वळून बघितलं नाही, पण ताई काय बघत असेल ते त्याला न बघताही दिसत होतं.

परत आल्यावर तिने उतरून तळहात पुढे केला. भावोजींनी क्षणभर त्या हाताकडे बघितलं आणि किल्ली ठेवली. वाद घातला नाही, हेच मिस्त्रीला जास्त लागलं. ते नळावर गेले आणि स्वच्छच असलेले हात धुवत बसले.

मिस्त्री बाकावर पाने लावत राहिला. काम शिकवणाऱ्या उस्तादाने त्याला एक सवय लावली होती: दोष सापडत नसेल तेव्हा एका वेळी एकच वस्तू बदलायची. दोन बदलल्या तर कळत नाही कोणामुळे बरं झालं. इथे वस्तू दोन होत्या, गाडी आणि माणूस. त्याने माणूस बदलून बघितला होता, गाडी सरळ गेली होती. गाडी बदलून बघितली नव्हती.

तो नळाजवळ गेला आणि म्हणाला, भावोजी, माझ्या टेम्पोत तेलाचा डबा आहे तो पलीकडच्या वर्कशॉपला पोचवायचाय, माझा खांदा धरलाय, तुम्ही चालवता का? खांद्याला काही झालं नव्हतं. ताईने डोळे मोठे केले. मिस्त्री तिला म्हणाला, तूही बस, मध्ये.

टेम्पो कालव्याच्या रस्त्याने दोरी लावल्यासारखा सरळ गेला. ताई रस्त्याकडे बघत होती. मिस्त्री भावोजींच्या हातांकडे. हात स्टेअरिंगवर नुसते टेकलेले होते. मघाशी स्वतःच्या गाडीत तेच हात क्षणभरही थांबले नव्हते. करवतीने लाकूड कापावं तसे इकडे-तिकडे, इकडे-तिकडे.

येताना त्याने टेम्पो कडेला घ्यायला लावला आणि सांगितलं. गाडी भटकायची, म्हणून हात तिला सारखे परत आणायचे. वर्षानुवर्षं थोडंथोडं, हिवाळ्यापासून फारच. आता गाडी भटकत नाही, पण हातांना ते कोणी सांगितलेलं नाही. ती सरळ चालली असताना तुम्ही तिला परत आणता, आणि त्यामुळेच ती रस्ता सोडते.

“म्हणजे खोट कोणात?” भावोजींनी विचारलं.

“गाडीतली मी काढली. तुमच्यात नाही. असती तर माझ्या टेम्पोत दिसली असती. तुम्ही आणि गाडी एकत्र आलात की होते.”

ताई म्हणाली, “ही सवय जाते का?”

मिस्त्रीने खरं ते सांगितलं. काहींची जाते, काहींची नाही. स्टेअरिंग दोन बोटांनी धरायचं आणि गाडी चुकेपर्यंत काही करायचं नाही. आधी मोकळ्या रस्त्यावर. वयाचं पुढे काय होईल ते आपल्याला सांगता येणार नाही, ते डॉक्टरांचं काम.

भावोजी म्हणाले की काही न करणं त्यांना जमणार नाही, त्यांनी आयुष्यात ते कधी केलेलं नाही. ताई म्हणाली, घरकामात तर छान जमतं. तेव्हा कुठे तिघंही हसले.

गॅरेजात आल्यावर ताईने काय ठरवलं ते सांगितलं. किल्ली तिच्याकडेच राहील. भावोजींनी चालवायचं, तिने शेजारी बसायचं. ती म्हणेल तिथे त्यांनी थांबायचं, पुढे ती स्वतः चालवेल. डोंगरावर इतक्यात नाही. रस्ता सरळ जमला की मग. भावोजींनी मधमाश्या तोवर थांबणार नाहीत असं काहीतरी पुटपुटलं, तर ती म्हणाली, पेट्यांकडे या खेपेला तुमच्या पुतण्याला पाठवू. ते त्यांना आवडलं नाही, पण ते गाडीत बसले.

मिस्त्री रस्त्यावर येऊन उभा राहिला. गाडी निघाली, डावीकडे झुकली, उजवीकडे आली. मागच्या काचेतून ताईचा हात उठलेला दिसला. तो भावोजींच्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. गाडी एकदा अजून डगमगली. मग सरळ झाली, आणि वळणापर्यंत तशीच गेली.