सरुबाईच्या तोंडचा साबण

सरुबाईच्या जिभेला काही झालेलं नव्हतं. पिंपरीच्या माळावर औषधाचा नवा कारखाना उभा राहिला, बाटल्या धुवायला बायका घ्यायचं ठरलं, तेव्हापासून ती ‘बॉटल’, ‘ब्रश’, ‘हॉट वॉटर’ घडाघडा म्हणत होती. अडायची ती एकाच ठिकाणी. बायकांना इंग्रजी नावं शिकवणाऱ्या सुमनताईंनी साबणाची वडी वर धरली, की पदर सावरून म्हणायची, “सूप.”

“सूप नव्हे हो, सोप!” सुमनताईंना रागावता यायचंच नाही. “परका शब्द आला की आपला कान त्याला ओळखीच्या घरी नेऊन बसवतो. तुमच्या घरी पाखडायचं सूप आहे ना, म्हणून होतं असं. म्हणा, होप.”

“होप.”

“सोप.”

“...सूप.”

बायका फिदीफिदी हसल्या. उद्या मद्रासकडचे मोठे साहेब येणार, वस्तू दाखवून इंग्रजी नावं विचारणार, चुकेल तिला घरी धाडणार. कुरुळीहून बिऱ्हाड आणल्यापासून सरुबाई एका खोलीत आंबून गेली होती; तिला हे काम हवं होतं. पण अडचण सांगायची, तर तोच शब्द तोंडातून काढावा लागला असता.

शेवटी शेजारच्या ठकुबाईला राहवेना. “अवो ताई, तिच्या कानाला नावं ठिवू नगा. तिच्या मालकाचं नाव सोपान हाय! ही बया घरात ‘सोपं’सुदिक म्हणत न्हाई. ‘अवघड न्हाई’ म्हणती!”

सरुबाईनं तोंड पदरात लपवलं. सुमनताई डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या.

“अहो, मग हळदीकुंकवाला नाव कसं घेता?”

“तवा उखाणा असतो की, ताई.”

“मग उद्याही असू दे!”

दुसऱ्या दिवशी साहेबांनी वडी उचलली. सरुबाईनं डोळे गच्च मिटले आणि एका दमात म्हणून टाकलं,

“पिंपरीच्या माळावर कारखाना झाला नवा,
बाटल्यांच्या राशी धुवायला सोप मला हवा!”

बायकांनी एकच गलका केला. साहेब दचकले. एवढ्या लांबलचक उत्तरातला एकच शब्द त्यांना कळला, पण त्यांना तेवढाच हवा होता. त्यांनी मान डोलावली.

संध्याकाळी चुलीपाशी बसत नवऱ्यानं विचारलं, “काय गं, काय विचारलं सायबानं?”

सरुबाईनं भाकरी उलटली, मान काही वर केली नाही.

“काय न्हाई,” ती पुटपुटली, “आता रोज चारचौघींत घ्यायचं हाय, एवढंच.”

“काय घ्यायचं?”

“जेवा गपगुमान!”