वर्गाला दाखवलेला खटला

हरिहरराव मोहरील वकिलांना शाळेत बोलावलं ते खुशालराव मास्तरांनी. खुशालराव नववीला नागरिकशास्त्र शिकवायचे. पुस्तकातलं घटनेचं प्रकरण वाचून दाखवलं की मुलं जांभया द्यायची, म्हणून त्यांनी ठरवलं की या वर्षी प्रजासत्ताक दिनाच्या आधी खरा वकीलच वर्गात उभा करायचा. हरिहररावांची मुलगी शैला त्याच वर्गात होती, त्यामुळे विचारणं सोपं गेलं.

हे अठ्ठावन्न सालचं. अकोल्याच्या कोर्टात हरिहररावांचं नाव होतं. आवाज भरदार, बोलणं ठासून. मुलांसमोर बोलायचं म्हणून त्यांनी आदल्या दिवशी तयारीही केली होती. पुस्तकी भाषा टाळून ते म्हणाले, "तुम्ही चहाच्या हॉटेलात गेलात. बाकावर बसलात. तिथं तुमची जात विचारायचा हक्क कोणालाही नाही. हॉटेलवाल्याला नाही, पोलिसाला नाही, मलाही नाही. तुम्हाला वेगळा गिलास दिला, बाहेर उभं केलं, तर तो गुन्हा आहे. तीन वर्षांपूर्वीच तसा कायदा झालाय. त्याला सजा होऊ शकते."

मुलं सरसावून बसली. तिसऱ्या बाकावरची मैना सिरसाट उभी राहिली. जुन्या शहरातून, मोर्णा नदीचा पूल ओलांडून रोज पायी येणारी मुलगी. एरवी ती फारशी बोलत नसे.

"अन् हॉटेलवाल्यानं ऐकलंच नाही तं?" तिनं विचारलं.

"तर ठाण्यात जायचं. फिर्याद द्यायची. घाबरायचं नाही."

टाळ्या झाल्या. घरी जाताना शैला वडिलांच्या सायकलरिक्षात ताठ बसली होती. तिला त्या दिवशी वडिलांचा फार अभिमान वाटला.

मैनानं ते सगळं घरी जाऊन बापाला सांगितलं. तिचे वडील बुधाजी जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, कापसाच्या गाठी बांधायचे. कामावरून येताना पुलाजवळच्या नत्थुजीच्या हॉटेलात ते वर्षानुवर्षं चहा घेत होते, पण बाहेर उभं राहून. पत्र्याखाली खिळ्याला त्यांचा आणि त्यांच्या वस्तीतल्या लोकांचा गिलास अडकवलेला असे. पिऊन झाला की आपणच विसळायचा. नागपूरहून बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आल्यावर बुधाजींनी तो चहा सोडून दिला होता. मुलीचं बोलणं ऐकून एका संध्याकाळी ते हॉटेलात शिरले, आतल्या बाकावर बसले आणि कपात चहा मागितला.

नत्थुजी म्हणाला, "तुमचा गिलास बाहीर हाये."

"मले कप पाह्यजे."

नत्थुजीनं त्यांना दंडाला धरून उठवलं. चारचौघांनी पाहिलं. बुधाजी तिथून सरळ ठाण्यात गेले. ठाणेदारानं आधी समजूत घातली, मग फिर्याद लिहून घेतली, आणि महिना-दीड महिन्यानं खटला उभा राहिला.

नत्थुजी वकील करायला आला तो हरिहररावांकडे. त्यांनी वकीलपत्र घेतलं. आरोपीलाही वकील मिळाला पाहिजे, हे त्यांचं नेहमीचं म्हणणं होतं आणि त्यात खोटं काही नव्हतं. शाळेतलं भाषण त्यांना त्या वेळी आठवलंसुद्धा नाही.

खुशालराव मास्तरांना मात्र आठवलं. असा खटला गावात चालणार आहे, हे कळताच त्यांनी वर्गाला कोर्ट दाखवायचं ठरवलं. कायदा पुस्तकातून बाहेर कसा येतो, ते मुलांनी डोळ्यांनी पाहावं, एवढाच त्यांचा हेतू होता. बाजू कोण मांडणार, याची त्यांनी चौकशी केली नव्हती.

आदल्या संध्याकाळी शैला वडिलांच्या टेबलाजवळ आली. "बाबा, उद्याच्या खटल्यातले बुधाजी म्हणजे आमच्या मैनाचे वडील."

"हो का?" हरिहरराव म्हणाले आणि वाचत राहिले.

"तुम्ही त्यांच्या बाजूनं आहात ना?"

"मी आरोपीकडून आहे. तुझा वर्ग येणार ना उद्या? नीट लक्ष द्या. उलटतपासणी कशी असते, ते बघायला मिळेल."

दुसऱ्या दिवशी मुलं कोर्टाच्या मागच्या बाकांवर दाटीवाटीनं बसली. मैनाही आली होती. मास्तरांनी तिला घरी राहायचं असेल तर राहा म्हणून सांगितलं होतं, पण ती म्हणाली, मले पाह्यचं हाये. शैला तिच्या शेजारी बसली.

नत्थुजीचं म्हणणं असं, की त्या दिवशी बाकावर जागा नव्हती, आधीची गिऱ्हाइकं ताटकळत होती, म्हणून फिर्यादीला उठायला सांगितलं. ज्या चारचौघांनी पाहिलं होतं, त्यांतल्या कोणाला काही आठवेना. उरले एकटे बुधाजी. धुतलेलं धोतर, वर कोट, डोक्याला काही नाही. पिंजऱ्यात ते हात बांधून उभे राहिले आणि झालं तसं सांगितलं.

हरिहरराव उलटतपासणीला उठले. उठताना त्यांनी मागे एकदा मुलांकडे पाहिलं.

"तुमचा धर्म कोणता?"

"बौद्ध."

"कधीपासून?"

"छप्पन सालापासून. नागपूरले गेलो होतो."

"त्याआधी तुमची जात कोणती?"

बुधाजींनी मॅजिस्ट्रेटकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी बौद्ध आहो, साहेब."

"ते ऐकलं मी. आधीचं विचारतोय."

"आधीचं सोडून देल्लं."

"सोडलं, पण नाव असेल ना त्याला?"

"मी बौद्ध आहो."

कोर्टात कोणीतरी हसलं. हरिहररावांनी प्रश्न थोडा फिरवून पुन्हा विचारला, मग आणखी एकदा. प्रत्येक वेळी आवाज खाली आणला, शब्द सुटे सुटे केले, जसं ते एखाद्या बनेल साक्षीदारासमोर करत. बुधाजींच्या कपाळावर घाम आला, पण त्या जातीचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नाही.

"म्हणजे तुम्ही अस्पृश्य नाही?"

"नाई."

"मग आरोपीनं अस्पृश्यता पाळली, ती कोणाशी?"

"त्यानं मले तसा मानलं. मी नाई मानत."

हे उत्तर ऐकताच हरिहररावांना कळलं, की खटल्याचं सारं सार एवढ्यातच आहे. गुन्हा ठरणार तो नत्थुजीच्या मनात काय होतं यावरून, बुधाजी स्वतःला काय म्हणवतात यावरून नाही. हे एक वाक्य कागदावर आलं तर नत्थुजीला जड जाणार होतं. सरकारी वकील पुढच्या खटल्याचे कागद चाळत होते. हरिहरराव ताबडतोब म्हणाले, "साहेब, मी विचारलं नाही ते साक्षीदार सांगतोय. 'मी अस्पृश्य नाही', एवढंच उत्तर नोंदवावं, अशी विनंती आहे."

मॅजिस्ट्रेटनी मान हलवली आणि तेवढंच नोंदवून घेतलं.

निकाल लागला तेव्हा मुलं तिथं नव्हती. फिर्यादी स्वतःच आपण बौद्ध आहोत, अस्पृश्य नाही, असं सांगतो, म्हणजे तो अनुसूचित जातीत मोडत नाही; सबब अशा जातीच्या माणसाला अडवलं तर ते अस्पृश्यतेपोटीच असं धरून चालायचं, हे कायद्यातलं गृहीतक त्याला लागू होत नाही. दुसरा पुरावा नाही. संशयाचा फायदा आरोपीला. नत्थुजी सुटला. संध्याकाळी त्यानं हरिहररावांच्या घरी पेढे पाठवले. शैलाच्या आईनं ते ताटलीत घालून सर्वांपुढे ठेवले. शैलानं ताटली सरकवली.

"काय झालं?" हरिहररावांनी विचारलं.

"काही नाही."

"बोल ना."

"तुम्ही आम्हाला सांगितलं होतं, 'मलाही जात विचारायचा हक्क नाही.'" ती मान खाली घालून बोलत होती. "मैना माझ्या शेजारी बसली होती, बाबा. तुम्ही विचारत होतात तेव्हा तिनं माझा हात धरलेला होता. मग सोडला."

"कोर्टात विचारावं लागतं. ते माझं काम आहे."

"असेल."

ती उठून आत गेली. हरिहररावांनी उचललेला पेढा परत ताटलीत ठेवला. वकिलीत त्यांनी याहून कठोर प्रश्न विचारले होते, खुन्यांना सोडवलं होतं, आणि कधी झोप गेली नव्हती. आता मात्र त्यांना राहून राहून तो घाम आलेला माणूस दिसत होता आणि स्वतःचा तो खाली आणलेला, सावकाश आवाज ऐकू येत होता.

पुढे काही दिवस शैला त्यांच्याशी कामापुरतं बोलली. शाळेत मैनानं जागा बदलली, हे त्यांना बायकोकडून कळलं. तेव्हा ते स्वतःच खुशालरावांच्या घरी गेले आणि वर्गात पुन्हा एकदा येऊ का म्हणून विचारलं.

खुशालरावांनी त्यांना बसायला सांगितलं. मग म्हणाले, "या. पण या खेपेला पोरं इचारतील. मी त्यांना थांबवणार नाही. मले सोतालेच त्यांच्याकडे पाह्यची लाज वाटून राहिली, साहेब. मीच नेलं होतं ना त्यांना."

हरिहरराव या वेळी तयारी न करता गेले. वर्ग उभा राहिला, बसला. टाळ्या नाहीत. त्यांनी कायद्याचं ते कलम समजावून सांगायला सुरुवात केली. गृहीतक म्हणजे काय, ते कोणाला लागू, कोणाला नाही. बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं की आपण फळ्याकडे पाहून बोलतोय.

मैना उभी राहिली. "आमी बौद्ध सांगितलं तं कायदा लागत नाही. जुनी जात सांगितली तं खोटं होते. मंग काय सांगावं?"

"खरं तेच सांगावं," हरिहरराव म्हणाले. "कायदा तरीही लागतो. कोणत्याही माणसाला अस्पृश्य मानून अडवलं, तर तो गुन्हाच आहे. मग त्या माणसाचा धर्म कोणताही असो. फक्त तसं मानलं होतं, हे दाखवून द्यावं लागतं."

"माह्या बापानं तं तेच सांगितलं होतं. त्यानं मले तसा मानलं म्हणून."

"हो."

"मंग ते लिहिलं काहून नाही?"

शैला बाकाच्या फळीवर नखानं रेघ ओढत होती.

"मी लिहू दिलं नाही," हरिहरराव म्हणाले.

"तुमाले माहीत होतं?"

"माहीत होतं."

मैना खाली बसली. आणखी कोणी काही विचारलं नाही. हरिहररावांना वाटलं होतं की कबूल केल्यावर मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. मुलं त्यांच्याकडे पाहत होती, आणि त्या पाहण्यात राग असता तर बरं झालं असतं. ती नुसती सावध झाली होती, रस्त्यावर अनोळखी माणसाशी होतात तशी. तास संपायच्या आधीच ते निघाले.

चारआठ दिवसांनी, कोर्टातून घरी येताना, जिनाच्या फाटकाशी त्यांना बुधाजी भेटले. हरिहररावांनी रिक्षा थांबवली आणि खाली उतरले. बुधाजींनीच सुरुवात केली.

"पोट्टीनं सांगितलं, तुमी शाळेत काय बोलले ते."

"बुधाजी, मी त्या दिवशी..."

"ते ऱ्हाऊ द्या. वकील आपल्या माणसाकडूनच बोलते, ते मले समजते. मले दुसरं इचारायचं हाये." त्यांच्या केसांत, भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले होते. "मी बौद्ध आहो म्हणून पयल्यांदा सांगितलं, तेव्हाच तुमचं काम झालं होतं ना?"

हरिहररावांनी विचार केला. "झालं होतं."

"मंग पुन्हा पुन्हा काहून इचारत होते?"

याचं उत्तर हरिहररावांना ठाऊक होतं. स्वतःशीही त्यांनी ते अजून उच्चारलं नव्हतं. आजूबाजूला जिनातून सुटलेले मजूर चालले होते, दोघेचौघे थबकूनही पाहत होते. त्यांना वाटलं, बुधाजींना बाजूला न्यावं. मग त्यांना तसं वाटण्याचीही लाज वाटली.

"मागे मुलं बसली होती," ते म्हणाले. "माझी मुलगीही होती. मी कशी उलटतपासणी घेतो, ते त्यांना दाखवायचं होतं."

बुधाजींनी ते ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा बदलला नाही. "माही पोट्टीही होती," ते म्हणाले.

मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा झटकला आणि पुलाच्या दिशेनं चालू लागले. हरिहरराव उभेच राहिले. रिक्षावाल्यानं जायचं का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी त्याचे पैसे देऊन त्याला पाठवून दिलं.

पुढल्या वर्षी नत्थुजीच्या भावाचं एक काम आलं, ते त्यांनी घेतलं नाही. त्यामुळे काही बिघडलं नाही. त्यानं दुसरा वकील केला. दर जानेवारीत खुशालराव मास्तर त्यांना निमंत्रण द्यायचे, आणि दर वेळी ते काहीतरी कारण सांगून नकार द्यायचे. मैना मॅट्रिक झाली आणि नागपूरला शिकायला गेली, असं शैलाकडून कळलं. शैला आता त्यांच्याशी पूर्वीसारखी बोलत असे, हसत असे. फक्त जेवताना ते एखाद्या खटल्याची हकिकत रंगवून सांगू लागले, की ती ताटातलं संपवायची आणि हात धुवायला उठायची.