खोडावर बांधलेल्या कॅमेऱ्याची साक्ष

मित्रांनो, रानात झाडाच्या खोडाला पट्ट्याने बांधलेला कॅमेरा तुम्ही कधी पाहिलाय का? मी तसाच एक, आता बराच जुना झालेला. माझा रंग शेवाळासारखा आहे. काचेवर ओरखडा आहे आणि बॅटरीच्या कप्प्याचं झाकण लागत नाही म्हणून तिथे चिकटपट्टी लावली आहे. मला डोळा आहे तसा कानही आहे. समोर ऊबदार अंगाचं काही हललं की मी जागा होतो, चित्र घेतो, आवाज टिपतो आणि पुन्हा झोपी जातो. काय टिपायचं आणि काय नाही, हे मात्र माझ्या हाती नाही. माझं सगळं दुःख त्यातच आहे.

माझा जन्म कारखान्यातला. माझ्यासारखे कितीतरी एकाच खोक्यातून निघाले, कुणी गोदामांवर पहारा द्यायला गेले, कुणी बंगल्यांच्या फाटकांवर. मी वेल्सच्या डोंगरात तेग्वेनच्या हाती पडलो. तेग्वेन गावच्या दवाखान्यात परिचारिका आहे. नवरा गेल्यापासून ती एकटीच राहते. सुट्टी मिळाली की ती रानात यायची, ती बेलेच्या शोधात.

बेले म्हणजे मांजराएवढा, तपकिरी, झुपकेदार शेपटीचा, झाडावर राहणारा प्राणी. माणसांनी मारून मारून तो इथून जवळपास संपवला होता. मग दुरून आणून काही सोडले, आणि आता ते पुन्हा दिसू लागले होते. प्रत्येक बेलेच्या गळ्यावर साईच्या रंगाचा डाग असतो, आणि एकाचा डाग दुसऱ्यासारखा नसतो. पण चार पायांवर चालताना तो दिसतो कुठे? म्हणून माझ्यासमोर एक खांब रोवलेला होता, त्यावर छोटीशी फळी, आणि फळीवर खाऊ. खाऊ घ्यायला बेले मागच्या पायांवर उभा राहिला की गळा दिसे.

सुरुवातीला नुसत्या खारी यायच्या. उन्हाने तापलेलं नेचं हललं तरी मी फसायचो. मग एका पहाटे एक बेले मादी आली. उभी राहिली, फळीला पंजे टेकले. गळ्यावर लहान मुलाच्या लोकरी हातमोज्यासारखा डाग. ते चित्र पाहून तेग्वेन तिथेच ओल्या शेवाळावर बसली आणि बराच वेळ उठली नाही. तिने तिचं नाव ठेवलं मानेग. त्यांच्या भाषेत मानेग म्हणजे हातमोजा.

त्या दिवसांत माझं फार कौतुक झालं. तेग्वेन माझी काच स्वतःच्या रुमालाने पुसायची.

खाऊ थोडा ठेवायचा, बोटभर मुरंबा, चार शेंगदाणे, आणि तोही रोज नाही, असा बेलेंची नोंद ठेवणाऱ्या तिच्या मंडळींचा नियम होता. पण तेग्वेनचा भाऊ इद्वल, ज्याची मेंढरं आणि कोंबड्या रानाच्या पायथ्याशी आहेत, तो दर शनिवारी बहिणीच्या उंबऱ्यावर आपल्या कोंबड्यांची निळसर अंडी ठेवून जायचा. त्यांच्याकडे तशी रीतच आहे, दार न वाजवता ठेवून जायचं. नको म्हणणं म्हणजे माणसालाच नको म्हणणं. एकटीला ती संपत नसत. टाकून देणं जिवावर येई. म्हणून ती अंडी माझ्यासमोरच्या फळीवर येऊ लागली.

मानेग अंडं फोडायची नाही. अलगद तोंडात धरायची आणि घेऊन जायची. वसंत सरत आला तेव्हा ती पिल्लं घेऊन आली, दोन. एक पडलेल्या ओंडक्यावरून घसरलं आणि घाबरून आईच्या पोटाखाली शिरलं. तिने त्याला मानेला धरून उचललं, खाली ठेवलं, चाटलं, पुन्हा उचललं. तेग्वेनने ते किती वेळा पाहिलं असेल!

आणि मग इद्वल आला. पाठोपाठ तेग्वेन. आदल्या रात्री त्याच्या खुराड्यात काहीतरी शिरलं होतं, एक सोडून सगळ्या कोंबड्या गेल्या होत्या. तो बोलत बोलत येत होता, आणि फळीवरचं निळसर अंडं पाहून थांबला.

"हे माझ्या कोंबडीचं ना?"

तेग्वेनने मान डोलावली.

"मी म्हणतोय बहीण एकटी आहे, चार घास नीट खाईल. आणि तू इथे पाहुणचार मांडलायस."

"एकटीला किती अंडी संपतात, इद्वल? नको म्हटलं असतं तर आठवडाभर फुगून बसला असतास."

"बसलो असतो फुगून. कोंबड्या तर जगल्या असत्या. माझ्याच अंड्यांनी तू त्या बेलेला माझ्या खुराड्याची चटक लावलीस."

त्याने ठरवून टाकलं होतं. पुन्हा मानेग खुराड्यापाशी दिसली तर वन्यजीव खात्याकडे फोटोसकट अर्ज करायचा आणि तिला पकडून दूर न्यायला लावायचं. तेग्वेन म्हणाली, पिल्लं अजून दूध पितात, आईला नेलं तर मरतील.

"मग ती येऊ नये म्हणून देवाला विनव," इद्वल म्हणाला आणि माझा पट्टा सोडवू लागला.

मला त्याने खुराड्यासमोर भिंतीवर टांगलं. तेग्वेनने फळी उखडली, खुराड्याची भोकं स्वतः जाळी ठोकून बुजवली. नव्या कोंबड्या आल्या. मी पाहत राहिलो. मानेग दिसावी म्हणून ज्याला रानात आणलं, तोच मी आता ती दिसू नये म्हणून जीव मुठीत धरून होतो.

एका संध्याकाळी पाऊस थांबला आणि ती भिंतीवरून उतरली. हडकली होती. जाळीला पंजे टेकले, मग मागच्या पायांवरच वळून सरळ उभी राहिली, गळा आणि पोट माझ्याकडे. डोळा मिटता आला असता तर मी मिटला असता. तिने चारी बाजूंनी हुंगलं, वाट सापडेना, तशी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी चित्रं पाहायला तेग्वेन एकटीच आली. ते चित्र पुसायची कळ तिच्या अंगठ्याखाली होती. तिने अंगठा उचलला. मग तिने भावाला हाक मारली.

इद्वलने खूप वेळ पाहिलं. जन्मभर मेंढ्यांची बाळंतपणं केलेला माणूस.

"आचळं भरलीत. पिल्लं अंगावर पितायत अजून हिच्या."

"हो."

"पुसून टाकलं असतंस तर मला कळलंही नसतं."

"म्हणूनच नाही पुसलं."

तो कोंबड्यांकडे बघत राहिला. मग विचारलं, पिल्लं आईवाचून कधी फिरतात? पानगळीला, ती म्हणाली.

"मग पानगळीपर्यंत कोंबड्या कोंडून ठेवतो. त्यानंतर दिसली, तर हा फोटो जाणार. आत्ताच सांगतो, नंतर रडायचं नाही."

"नाही रडणार," ती म्हणाली, आणि माझी चिकटपट्टी उगाच दाबत राहिली.

मित्रांनो, रानातल्या जिवावर जीव जडला तर खुशाल जडू द्या, पण त्याला हाताने भरवू नका. माणसाची भीती हेच त्याचं पांघरूण असतं. आपण मायेने ते काढून घेतो आणि तो उघडा पडतो. लांबून बघा. दिसला नाही तरी तो आहे, एवढ्यावर आनंद माना.

ओकची पानं पिवळी पडायला लागली आहेत. मी अजून भिंतीवरच आहे. समोर काही ऊबदार हललं की जागा होतो, आणि चित्र उमटण्याआधीच्या त्या क्षणात मनातल्या मनात म्हणतो, शेजारचं मांजर असू दे.